आयर्लंडमध्ये भारतीय पासपोर्टवर नगरसेवकाला मत देता येतं का? आणि स्वतः उभं राहता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई तीन वर्षांपासून डब्लिनच्या पश्चिम उपनगरात राहतात, नोकरी क्रिटिकल स्किल्स परमिटवर (दुर्मीळ कौशल्यांसाठीचा कामाचा परवाना), नवरा आणि एक मुलगी सोबत, पासपोर्ट तिघांचे भारतीय. शेजारच्या आयरिश आजींनी त्यांना सांगितलं की कौन्सिलच्या निवडणुकीत तुम्हालाही मत आहे. नवऱ्याला ते खरं वाटत नाही. गोव्याचा एक सहकारी पोर्तुगीज पासपोर्टवर आहे, त्याला २०२४ मध्ये दोन मतपत्रिका मिळाल्या. लंडनचा मावसभाऊ म्हणतो की त्याला थेट पार्लमेंटचं मत आहे. तेव्हा आपला हक्क नक्की किती, तो वापरल्याने व्हिसा किंवा भारतीय नागरिकत्व अडचणीत येईल का, आणि उद्या उभं राहावंसं वाटलं तर कायदा आडवा येतो का?

मी इथे बरीच वर्षं स्थलांतरितांची मतदार नोंदणी करून देतो आणि अपक्ष उमेदवारांची कागदपत्रं बघतो, त्यामुळे हे प्रश्न रोजचे आहेत.

आजी बरोबर आहेत. स्थानिक निवडणुकीत मत द्यायला आयर्लंडमध्ये नागरिकत्व लागत नाही. वय १८ पूर्ण आणि त्या पत्त्यावर नेहमीचं वास्तव्य, एवढ्या दोनच अटी. हे काही नवीन उदारपणाचं लक्षण नाही. १९६३ च्या निवडणूक कायद्यापासून नागरिकत्वाची अट नाही, म्हणजे आपली माणसं इथे येऊ लागायच्या कितीतरी आधीपासून. विशेष म्हणजे कायदा तुमचा स्टॅम्प, म्हणजे राहण्याच्या परवानगीचा प्रकार, विचारत नाही. परमिटवाला स्टॅम्प १, जोडीदाराचा १जी, विद्यार्थ्याचा २, सगळे चालतात. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेला माणूससुद्धा मत देतो. चालत नाहीत ते फक्त पाहुणे. सासूबाई उन्हाळ्यात तीन महिने नातीकडे आल्या असतील तर ते वास्तव्य नव्हे, त्यांचं नाव घालू नका.

पण हा हक्क कौन्सिलपुरताच. डॉल, म्हणजे इथली लोकसभा, राष्ट्राध्यक्ष आणि सार्वमत ही नागरिकांची. ब्रिटिश नागरिकांना डॉलचं मत आहे, पण त्यासाठी १९८४ मध्ये सार्वमत घेऊन राज्यघटना बदलावी लागली होती. युरोपियन पार्लमेंटचं मत युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना. म्हणून तुमच्या गोंयकार सहकाऱ्याला ७ जून २०२४ ला दोन मतपत्रिका मिळाल्या, एक कौन्सिलची आणि एक युरोपची, आणि तुम्ही गेला असतात तर तुमच्या हातात एकच पडली असती. मतदार यादीत नावापुढे 'एल' असं अक्षर असेल तर हा मतदार फक्त स्थानिक निवडणुकीचा, हे मतदान केंद्रावरच्या कारकुनाला लगेच कळतं. त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही, पण दुसरी मतपत्रिका का नाही म्हणून तिथे वादही घालू नका. मी तो प्रकार पाहिलेला आहे.

ही विभागणी किती विचित्र वळण घेऊ शकते याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २००४ चं. ११ जूनला कौन्सिलच्या निवडणुका होत्या आणि त्याच दिवशी एक सार्वमतही होतं: आयर्लंडमध्ये जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप नागरिकत्व मिळावं की नाही. स्थलांतरित आईबाप मतदान केंद्रावर गेले, नगरसेवक निवडला, आणि आपल्याच मुलांसारख्या मुलांच्या नागरिकत्वाचा प्रश्न मात्र शेजाऱ्यांवर सोडून परत आले. सार्वमत सुमारे ७९ टक्क्यांनी मंजूर झालं, जन्मसिद्ध नागरिकत्व गेलं. आणि त्याच मतमोजणीत पोर्टलीश नगर परिषदेवर रोटिमी अडेबारी निवडून आले. नायजेरियातून २००० मध्ये आश्रय मागत आलेला हा माणूस अपक्ष उभा राहिला, जिंकला, आणि २००७ मध्ये त्या गावाचा महापौर झाला. आयर्लंडचा पहिला कृष्णवर्णीय महापौर. (ती नगर परिषद आता नाही. २०१४ मध्ये देशातल्या सगळ्या ८० नगर परिषदा बरखास्त करून त्यांचा कारभार कौंटी कौन्सिलांत घातला.)

आता मावसभावाचं. तोही खरंच बोलतोय. ब्रिटनमध्ये राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना पार्लमेंटसकट सगळ्या निवडणुकांत मत आहे, आणि भारत राष्ट्रकुलात आहे. विद्यार्थी व्हिसावरचा मुलगासुद्धा नाव नोंदवू शकतो. इंग्लंडमध्ये आता मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, तिथे भारतीय पासपोर्ट चालतो. मात्र उभं राहायचं तर नियम कडक होतो, कौन्सिलसाठीही साधारणपणे कायम वास्तव्याची परवानगी हवी. आयर्लंडने १९४९ मध्येच राष्ट्रकुल सोडलं, त्यामुळे इथे तो धागा नाही. इथला आपला हक्क 'भारतीय' म्हणून नाहीच, 'रहिवासी' म्हणून आहे. ब्राझीलच्या माणसाला, फिलिपिन्सच्या नर्सला, तुम्हाला, सगळ्यांना सारखाच.

यातून गोव्याच्या मंडळींच्या बाबतीत मोठी गंमत होते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. अनेकांनी तो केला आणि तो पासपोर्ट घेऊन इंग्लंड गाठलं. पण इंग्लंडमध्ये पार्लमेंटचं मत भारतीय पासपोर्टवर मिळतं, पोर्तुगीज पासपोर्टवर नाही! तिथे पोर्तुगीज माणसाला फक्त स्थानिक मत, तेही ब्रेक्झिटनंतर दोन देशांत करार झाला म्हणून टिकलं. आणि गोव्यातल्या पंचायतीचं, विधानसभेचं मत पासपोर्ट बदलला त्याच दिवशी गेलं, कारण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्डाने राहण्या-जाण्याची सोय होते, मत मिळत नाही. आयर्लंडमध्ये मात्र तुमचा सहकारी तुमच्यापेक्षा एका मताने पुढे.

इतर देशांत राहणारे नातेवाईक हे वाचणार, म्हणून त्यांच्यापुरतं. नेदरलँड्समध्ये सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की पालिकेचं मत आणि उमेदवारी दोन्ही मिळतात, १९८६ च्या निवडणुकीपासून. तिथे पालिकेच्या नोंदवहीत तुमचा पत्ता असतोच, त्यामुळे मतदानाचं पत्र आपोआप घरी येतं. स्वीडनने तीन वर्षांच्या वास्तव्यावर हा हक्क १९७६ पासून दिला आहे. बेल्जियममध्ये पाच वर्षांनंतर मत आहे, पण युरोपबाहेरच्यांना उमेदवारी नाही, शिवाय राज्यघटना आणि कायदे पाळीन असं लिहून द्यावं लागतं. जर्मनीत बिगर-युरोपीय माणसाला काहीच नाही. तिथे श्लेस्विग-होल्स्टाइन आणि हॅम्बुर्ग या राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मत देणारे कायदे केले होते. श्लेस्विग-होल्स्टाइनने ज्या सहा देशांच्या नागरिकांना ते दिलं त्यात आयर्लंड होतं, कारण आयर्लंड जर्मनांना आधीपासून देत होतं. पण ३१ ऑक्टोबर १९९० ला जर्मन घटना न्यायालयाने दोन्ही कायदे रद्द केले: मत देणारी 'जनता' म्हणजे जर्मन जनता, असा त्याचा आशय. पुढे युरोपीय संघाच्या मास्ट्रिख्ट करारामुळे घटना दुरुस्त करून युरोपीय नागरिकांना आत घेतलं, बाकीचे बाहेरच राहिले. अमेरिकेतल्या भावंडांना मात्र निक्षून सांगा: ग्रीन कार्डवर असाल, एच-वनवर असाल, तर मतदार नोंदणीच्या कागदावर सही करू नका. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारखी मोजकी गावं-शहरं सोडली तर तिथे परदेशी नागरिकाला मत नाही, न्यूयॉर्क शहराने केलेला तसा कायदा २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला, आणि बेकायदा मत दिल्याबद्दल देशाबाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. आयर्लंडचा अनुभव तिकडे नेऊ नका.

आणि आपल्याकडे? भारतात परदेशी नागरिकाला कुठल्याही मतदार यादीत जागा नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १६ ते स्पष्ट सांगतं, आणि महाराष्ट्रात महापालिका, जिल्हा परिषदांच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच फोडतात. पुण्यात वीस वर्षं राहिलेला जर्मन माणूस पाणीपट्टी भरतो, नगरसेवक निवडत नाही.

नवऱ्याची भीती आता बाजूला करू. इथल्या कौन्सिलला मत दिल्याने भारतीय नागरिकत्वाला काहीही होत नाही. नागरिकत्व जातं ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर, मत दिल्यावर नाही. इथल्या इमिग्रेशनच्या दृष्टीनेही हा कायद्याने दिलेला हक्क आहे. उद्या आयरिश नागरिकत्वाचा अर्ज कराल तेव्हा त्याची अडचण नाही. अडचण होईल ती नसलेल्या हक्काचं मत दिलंत तर, किंवा दोन पत्त्यांवर नाव ठेवून दोनदा मत दिलंत तर. तो गुन्हा आहे. भारतातलं मत ठेवायचं असेल तर अनिवासी मतदार म्हणून फॉर्म ६ए भरून नाव नोंदवता येतं, मात्र मत द्यायला स्वतः आपल्या मतदारसंघात हजर राहावं लागतं. गावच्या यादीत जुन्या पत्त्यावर नाव तसंच राहिलंय आणि आपण इकडे, ही अर्ध्या मंडळींची स्थिती असते. नियमाने ते नाव तिथून काढून ६ए भरायला हवं.

नोंदणी सोपी आहे, पण ती आपणच करायची. नेदरलँड्ससारखं घरी पत्र येत नाही. २०२२ च्या सुधारणेनंतर यादी वर्षभर उघडी असते. पीपीएस क्रमांक (इथला सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि एअरकोड (इथला पिनकोड) घेऊन ऑनलाइन बसलात की चहा गार व्हायच्या आत काम होतं. पीपीएस नसेल तर कागदी फॉर्म घेऊन गार्डा (इथले पोलीस) ठाण्यात ओळख पटवून शिक्का घ्यावा लागतो. नागरिकत्वाच्या रकान्यात 'भारतीय' असंच लिहायचं. 'राहतोय इथेच, मग आयरिशच की' असं म्हणून कोणी आयरिश खूण केली तर डॉलची मतपत्रिका हातात येते आणि मघाशी सांगितलेल्या गुन्ह्याची पाळी. निवडणूक लागल्यावर शेवटची तारीख असते. २०२४ मध्ये मतदान ७ जूनला होतं आणि नोंदणी २० मेला बंद झाली. २१ तारखेला फोन करणारे आपलेच लोक सगळ्यात जास्त. १६-१७ वर्षांच्या मुलांचं नावही आगाऊ नोंदवता येतं, १८ पूर्ण झाले की ते यादीत चढतं.

मत कसं द्यायचं हे महाराष्ट्रातल्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मतदान केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तीच पसंतीक्रमाची पद्धत. फुली नाही, आकडे. आवडत्या उमेदवारापुढे १, मग २, मग ३, हवं तितकं खाली जा. मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो असतात. एका प्रभागातून साधारण पाच ते सात नगरसेवक निवडले जातात. कोटा काढायची रीतही तीच: समजा सात जागांच्या प्रभागात १४,००० वैध मतं पडली, तर १४,००० भागिले आठ अधिक एक, म्हणजे १,७५१. एवढी मतं झाली की उमेदवार निवडून आला. ज्याची जास्त झाली त्याची वरची मतं पुढच्या पसंतीला जातात, जो तळाला त्याला बाद करून त्याचीही वाटली जातात. फेरीमागून फेरी. पहिले तीन-चार पहिल्याच दिवशी मोकळे होतात. शेवटच्या जागेसाठी मात्र दोघंतिघं रात्री उशिरापर्यंत घासत असतात, आणि तिथे फरक कधी कधी दोन आकडी मतांचा असतो. ती मतं बहुतेक वेळा कुणाची तरी तिसरी-चौथी पसंती असते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, नुसता १ लिहून थांबू नका. तुमचा १ नंबर बाद झाला आणि खाली काही लिहिलेलं नसलं तर तुमची मतपत्रिका तिथेच संपली.

मतमोजणीच्या ठिकाणी एकदा तरी जाऊन बघण्यासारखं असतं. पेट्या सकाळी नऊच्या सुमारास फोडतात. क्रीडा संकुलाचा मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, कर्मचारी एकेक मतपत्रिका उलगडून वरच्या बाजूने ठेवत जातात. टेबलासमोर कमरेएवढं कठडं, आणि कठड्याला टेकून पक्षांचे लोक क्लिपबोर्ड घेऊन उभे. मतपत्रिका उलगडली की क्षणभर १ कुठे आहे ते दिसतं, तेवढ्यात हे आपल्या कागदावर रेघ ओढतात. चार उभ्या, पाचवी आडवी. यालाच टॅली म्हणतात. एकमेकांचे कट्टर विरोधक असतात, पण टेबलं वाटून घेतात आणि दुपारी आकडे एकत्र करतात. अधिकृत पहिली फेरी जाहीर व्हायच्या आधीच हॉलमधल्या सगळ्यांना निकाल साधारण माहीत झालेला असतो.

तुमच्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. टॅली पेटीनिहाय होते, आणि प्रत्येक पेटी म्हणजे ठरावीक रस्ते, ठरावीक वसाहती. त्यामुळे अमुक वसाहतीतून किती मतं पडली आणि कुणाला पडली, हे पक्षांना पुढची पाच वर्षं पाठ असतं. आमच्या भागातली एक नवी वसाहत आहे, निम्मी घरं भारतीयांची, प्रत्येक दारात दोन गाड्या. तिची पेटी उघडली की टॅलीवाले पेन खाली ठेवून गप्पा मारतात, इतकी ती हलकी. त्याच्या शेजारच्या जुन्या वसाहतीची पेटी भरलेली. आता नगरसेवक दारोदार फिरायला कुठे आधी जाणार? आपली मंडळी तक्रार करतात की आमच्याकडे कोणी फिरकत नाही. फिरकण्यासारखं काही पेटीत दिसलं पाहिजे ना. तुमचं एक मत कोण जिंकतं हे ठरवेल न ठरवेल, पण तुमच्या रस्त्याची पेटी जड करेल हे नक्की. माझ्या मते नाव नोंदवायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

'पण कौन्सिलच्या हातात असतं काय?' हाही प्रश्न येतो. खरं सांगायचं तर युरोपातल्या दुबळ्या कौन्सिलांत इथल्या मोडतात. पोलीस नाहीत, शाळा नाहीत, दवाखाने नाहीत, आणि रोजचा कारभार नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याच्या हातात. निवडून आलेल्यांकडे येतं ते अंदाजपत्रक, स्थानिक मालमत्ता कराचा दर थोडा वरखाली करणं, आणि सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे विकास आराखडा. कुठल्या शेतावर घरं येणार, कुठे शाळेसाठी जागा राखायची, कुठे बाग, हे त्यात ठरतं. नव्या वसाहतीत राहत असाल तर 'टेकिंग इन चार्ज' हा शब्द ऐकला असेलच. बिल्डरने रस्ते, दिवे, गटारं पूर्ण करून कौन्सिलच्या ताब्यात देईपर्यंत फुटलेल्या दिव्याचा वाली कोणी नसतो. त्या पाठपुराव्याला नगरसेवक लागतो. आणि क्रिकेट! आपली पोरं उद्यानातल्या फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला टेनिस बॉलने खेळतात. क्रिकेटची खेळपट्टी घालायची की नाही हे कौन्सिलचं उद्यान खातं ठरवतं, आणि त्याला विचारणारा नगरसेवक असला की उत्तर लवकर येतं.

आता उमेदवारी. २००१ च्या स्थानिक शासन कायद्याचं कलम १२ म्हणतं: आयर्लंडचा नागरिक किंवा राज्यात नेहमीचं वास्तव्य असलेली व्यक्ती, वय १८ पूर्ण. झालं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर तुम्ही नगरसेविका होऊ शकता. अपात्रतेची यादी निराळी आहे, खासदार, न्यायाधीश, गार्डा, काही सरकारी आणि कौन्सिलच्या नोकऱ्या वगैरे. सरकारी पगार घेत असाल तर आधी आपल्या खात्यात विचारा.

पक्षातर्फे उभं राहिलात तर पक्षाचं प्रमाणपत्र पुरतं. अपक्षाला दोन पर्याय: प्रभागातल्या १५ नोंदणीकृत मतदारांचं अनुमोदन, किंवा १०० युरो अनामत. कोट्याच्या चौथाईहून जास्त मतं मिळाली की अनामत परत, नाहीतर आपल्याकडच्यासारखंच डिपॉझिट जप्त. मी नेहमी सांगतो की १०० युरो वाचवायला नव्हे तर चाचणी म्हणून १५ सह्या गोळा करा. त्यातल्या निम्म्या तरी बिगर-भारतीय हव्यात. त्या मिळत नसतील तर अजून वेळ आलेली नाही.

पैशांच्या बाबतीत आपल्या लोकांना एक नियम अजिबात माहीत नसतो. आयर्लंड बेटाबाहेर राहणाऱ्या आणि आयरिश नागरिक नसलेल्या माणसाकडून निवडणुकीसाठी देणगी घेता येत नाही. म्हणजे सांगलीहून बाबांनी कौतुकाने पाठवलेले ५०० युरो प्रचारात वापरायचे नाहीत, आणि दुबईच्या भावाचेही नाहीत. इथे राहणारा मित्र मात्र, तो भारतीय नागरिक असला तरी, देऊ शकतो. एका माणसाकडून वर्षात १,००० युरोपर्यंत, रोख २०० पर्यंत, निनावी १०० पर्यंत. खर्चाला मर्यादा आहे, आणि जिंका वा हरा, मतदानानंतर ९० दिवसांत देणग्या आणि खर्चाचा हिशेब कौन्सिलला द्यावा लागतो. खांबांवरचे फलक मतदानाआधी ३० दिवसांपासून लावता येतात आणि नंतर सात दिवसांत उतरवायचे. राहिला तर फलकामागे १५० युरो दंड. हरल्यावर दुसऱ्या रविवारी शिडी घेऊन फिरायचा उत्साह कुणाला नसतो, म्हणून ते काम आधीच कुणाला तरी नेमून ठेवा.

कायद्याने मोकळं आहे म्हणून परमिटवर असताना उभं राहावं का? माझं उत्तर नाही. नगरसेवकाला वर्षाला तीस हजार युरोंच्या आसपास मानधन मिळतं, आणि तुमचं परमिट एका ठरावीक मालकाच्या नोकरीसाठी दिलेलं असतं. ते दोन्ही एकत्र कसं बसतं हे निवडून आल्यावर वकिलाला विचारण्यापेक्षा क्रिटिकल स्किल्सवर दोन वर्षांनंतर मिळणारा स्टॅम्प ४, म्हणजे परमिटशिवाय काम करायची परवानगी, हाती येऊ द्या. तुम्हाला तीन वर्षं झाली आहेत, तर बहुधा आलाच असेल. दुसरं असं की नोकरी गेली आणि देश सोडावा लागला तर नगरसेवकपदही जातं, कारण ते वास्तव्यावर उभं आहे.

आणि खरी परीक्षा कागदांची नाहीच. डब्लिनच्या टाला भागातले बेबी पेरेप्पादान मूळचे केरळचे. ते २०२४ मध्ये साउथ डब्लिन कौंटीचे महापौर झाले. मल्याळी समाज इथे मोठा आहे हे खरं, पण नुसत्या आपल्या समाजाच्या मतांवर इथे कोणी कोटा गाठत नाही. चर्च, फुटबॉल क्लब, शाळेची पालक समिती, टायडी टाउन्स या गावसफाईच्या उपक्रमाचे झाडूवाले शनिवार, या सगळ्यांत आधी काही वर्षं दिसावं लागतं. आपली मंडळी गणपती बसवतात, ढोल-ताशाची पथकं काढतात, दिवाळी पहाट करतात, सगळं झकास, पण सगळं आपल्याआपल्यात. पसंतीक्रमाच्या निवडणुकीत तुम्हाला शेजाऱ्याचा ३ नंबर हवा असतो, आणि तो ढोल ऐकून मिळत नाही. माजी पंतप्रधान लिओ वराडकरांचं उदाहरण प्रत्येक वेळी दिलं जातं. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, मान्य, कोकणाला अभिमानही आहे. पण ते डब्लिनमध्ये जन्मलेले, आयरिश आईचे, जन्माने नागरिक. परदेशी रहिवासी म्हणून उभं राहण्याशी त्यांचा संबंध नाही.

प्रचारात कटू अनुभव येतील का? येतील. २०२४ च्या प्रचारात स्थलांतरित उमेदवारांना शिवीगाळ झाली, फलक फाडले गेले, हे वर्तमानपत्रांतही आलं होतं. दार लावून घेणारे भेटतील, त्याहून कितीतरी जास्त 'आत या, पाऊस आहे' म्हणणारे भेटतील. संध्याकाळी एकटीने दारोदार जाऊ नका, जोडीने जा, आणि धमकी आली तर लगेच गार्डाला कळवा.

पुढची कौन्सिल निवडणूक २०२९ मध्ये. मध्ये कोणी राजीनामा दिला तर पोटनिवडणूक होत नाही, जागा सहसा त्याच पक्षाच्या माणसाने भरतात, म्हणून मधल्या संधीची वाट बघण्यात अर्थ नाही. नावं मात्र या आठवड्यातच नोंदवा, तुमचं आणि नवऱ्याचं. तेव्हा मुलगी किती वर्षांची असेल तेही मोजून ठेवा. घर बदललंत तर पत्ता बदलायला विसरू नका, कारण भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांची नावं जुन्या पत्त्यावर पडून राहतात आणि मतदानाचं कार्ड पुढच्या भाडेकरूच्या टपालात जातं. कार्ड आलं नाही तरी नाव यादीत असेल तर मत देता येतं, सोबत ओळखपत्र न्या, पासपोर्ट पुरतो. नवऱ्याला अजून शंका असेल तर त्यांच्याबरोबर बसून ऑनलाइन यादीत तुमच्या रस्त्याचा प्रभाग कोणता आणि नगरसेवक कोण ते बघा. त्यातला एक तरी शनिवारी सकाळी लोकांना भेटायला बसत असेल. गल्लीतल्या बंद दिव्याची तक्रार घेऊन जा, आणि बोलता बोलता विचारा की मी भारतीय नागरिक आहे, मला मत आहे का. तो वही बाजूला ठेवून नोंदणीचा फॉर्म स्वतः काढून देईल.